नाण्यावरील स्मृती आणि राज्याची मुद्रा

आपल्या मराठी भाषेने नाण्यास मोठा मान दिला आहे. भरवशाच्या माणसास आपण 'खणखणीत नाणे' म्हणतो, ज्याचा शब्द कोठेही चालतो त्यास 'चलनी नाणे' म्हणतो, आणि घरातील कर्ता पुत्र वाईट निघाला की 'आपलेच नाणे खोटे' असे म्हणून कपाळास हात लावतो. विश्वासाची खूण म्हणूनच नाण्याची ही ख्याती आहे. परंतु तो विश्वास धातूच्या तुकड्यात कोठून येतो, त्यावर काय कोरावे आणि काय कोरू नये हे कोण ठरवितो, आणि थोर पुरुषांच्या स्मरणार्थ जी विशेष नाणी निघतात त्यांस कोणते नियम लागू असतात, ह्याचा विचार आपल्यापैकी फारच थोड्यांनी केला असेल. स्मारक नाण्यांविषयी हल्ली समाजात दोन टोकांचे गैरसमज आढळतात. कोणी खरे नाणे खोटे समजून नाकारतो, तर कोणी साधे नाणे लाखमोलाचे समजून फसतो. म्हणून ह्या विषयाचा थोडा इतिहास व त्यामागील कायदा वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

स्मरणार्थ नाणे पाडण्याची कल्पना आपल्या देशास नवी नाही. इसवी सनाच्या चौथ्या शतकात सम्राट समुद्रगुप्ताने अश्वमेध यज्ञाच्या स्मरणार्थ सुवर्णमुद्रा पाडल्या. त्यांच्या एका बाजूस यूपापुढे उभा असलेला यज्ञीय अश्व आणि दुसऱ्या बाजूस चवरी धारण केलेली राजमहिषी दिसते. व्यवहाराच्या सोयीपेक्षा घटनेचे स्मरण हा ह्या मुद्रांचा उघड हेतू होता. त्याच्याही पूर्वीचे एक उदाहरण आपल्या महाराष्ट्राच्या भूमीतूनच निघाले. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. त्यात क्षहरात क्षत्रप नहपान ह्याची तेरा हजारांहून अधिक नाणी होती, आणि त्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटविलेला होता. नहपानाचा पराभव झाल्यानंतर विजेत्याने त्याची नाणी वितळविली नाहीत. त्यांवर स्वतःची मुद्रा उठविली आणि तीच व्यवहारात चालू केली. चांदी तीच, वजन तेच, परंतु ठसा बदलला आणि राज्य बदलल्याची वार्ता बाजारपेठेतील प्रत्येक हातास कळली. नाण्यावरील मुद्रा ही राज्यसत्तेची ग्वाही असते, हे तत्त्व ह्याहून स्पष्टपणे दाखविणारे उदाहरण सापडणे कठीण.

पुढे १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाल्यावर श्रीशिवछत्रपतींनी सोन्याचा होन व तांब्याची शिवराई पाडली. शिवराईच्या एका बाजूस 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' अशी अक्षरे देवनागरीत असून कडेने बारीक ठिपक्यांचे वर्तुळ असते. महाराजांनी आपली छबी नाण्यावर कोरविली नाही. चोहोकडे फारसी अक्षरांची नाणी चालत असताना देवनागरी अक्षरांचे नाणे काढणे हीच एक राजघोषणा होती. ही शिवराई इतकी लोकमान्य झाली की मराठी राज्य लयास गेल्यानंतर इंग्रजी अमलातही काही काळ ती बाजारात चालत असे. राज्याची मुद्रा कोणती असावी हा प्रश्न त्या काळी राजाच्या इच्छेवर सुटत असे. कायद्याच्या कलमांनी तो बांधला जाण्यास इंग्रजी अंमल यावा लागला.

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात प्रारंभी ठिकठिकाणचे निरनिराळे रुपये चालत व त्यामुळे सराफांचे बट्टे लोकांच्या माथी बसत. हा गोंधळ मिटविण्यासाठी १८३५ साली सतरावा कायदा झाला. त्याने रुपयाचे वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, ठरविले आणि बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी असावी असे सांगितले. इतकेच करून तो कायदा थांबला नाही. नाण्याच्या दर्शनी बाजूवर ब्रिटनच्या विद्यमान राजाचे मस्तक व नाव असावे, आणि मागील बाजूवर नाण्याची संज्ञा इंग्रजी व फारसीत व कंपनीचे नाव इंग्रजीत असावे, असेही त्याने घालून दिले. नाण्याचे रूप कायद्याच्या शब्दांनी निश्चित करण्याचा हा आपल्याकडील आरंभ म्हणावयास हरकत नाही. चौथ्या विल्यमच्या मस्तकाचा रुपया ह्याच कायद्यान्वये निघाला. पुढे राणी व्हिक्टोरिया आली, १८७७ पासून नाण्यावर तिचा उल्लेख सम्राज्ञी म्हणून होऊ लागला, आणि १९०६ च्या नाणेविषयक कायद्याने नाण्याचे आकारमान व त्यावरील नक्षी सरकारने अधिसूचनेद्वारे ठरवावी अशी पद्धत रूढ झाली.

ठसा ठरविणे हे किती नाजूक काम आहे ह्याचा धडा इंग्रज सरकारास लवकरच मिळाला. १९११ साली पंचम जॉर्ज बादशहाच्या नावाचे नवे रुपये निघाले. बादशहाच्या वस्त्रांवर एका मानाच्या पदकमालेतील हत्ती कोरलेला होता. पण नाण्यावरील त्या इवल्याशा चित्रातील सोंड व पाय असे काही उमटले की लोकांस तो हत्ती न वाटता डुक्कर वाटू लागला. मुसलमान प्रजेत मोठी नापसंती पसरली, आणि सरकारास ते रुपये मागे घेऊन १९१२ साली हत्तीचे चित्र सुधारून नवा ठसा करावा लागला. काही मिलिमीटरांच्या चित्राने बलाढ्य साम्राज्यास माघार घ्यावयास लावली. नाणे प्रत्येकाच्या हातात जाते, न वाचता येणाऱ्याच्याही हातात जाते. त्यामुळे त्यावरील चित्राचा अर्थ कोरणाऱ्याच्या मनात काय होता ह्यावर ठरत नाही, पाहणाऱ्याच्या डोळ्यांत काय उतरते ह्यावर ठरतो.

स्वातंत्र्यानंतरही तीन वर्षे बादशहाच्या मस्तकाची नाणी चालू राहिली. १५ ऑगस्ट १९५० रोजी स्वतंत्र भारताची पहिली नाणेमालिका प्रचारात आली आणि राजाच्या मस्तकाच्या जागी सारनाथच्या अशोकस्तंभावरील सिंहशीर्ष विराजमान झाले. रुपयाच्या मागील बाजूस धान्याची कणसे आली. हा बदल वरवर चित्राचा दिसला तरी त्याचा अर्थ फार खोल आहे. तोपर्यंत नाण्याची दर्शनी बाजू एका व्यक्तीची असे. आता ती कोणाही व्यक्तीची राहिली नाही. ती राष्ट्राची झाली. पुढे ज्या स्मारक नाण्यांचा आपण विचार करणार आहोत त्यांची सारी रचना ह्या एका निर्णयावर उभी आहे.

स्वतंत्र भारतातील पहिले स्मारक नाणे पंडित जवाहरलाल नेहरू ह्यांच्या निधनानंतर १९६४ साली निघाले. २७ मे रोजी पंडितजी गेले आणि १४ नोव्हेंबरला, त्यांच्या जन्मदिनी, एक रुपयाचे व पन्नास पैशांचे अशी दोन नाणी प्रसृत झाली. एका बाजूस पंडितजींची छबी व '१८८९-१९६४' ही जीवनवर्षे होती, पण दुसरी बाजू मात्र सिंहशीर्षाकडेच राहिली. ज्या पुरुषाने सतरा वर्षे देशाचे सुकाणू धरले त्यासही राष्ट्रमुद्रेची जागा मिळाली नाही, शेजारची मिळाली. १९६९ साली महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीनिमित्त वीस पैसे, पन्नास पैसे, एक रुपया व चांदीचे दहा रुपये अशी नाणी निघाली. तेथेही हाच नियम पाळला गेला. १९७० पासून अन्नोत्पादन, कुटुंबनियोजन अशा विषयांवरही नाणी निघू लागली. आपल्या महाराष्ट्रास जवळची वाटणारी नाणी म्हणजे १९९० सालचा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जन्मशताब्दीचा रुपया, १९९९ सालचे संत ज्ञानेश्वरांचे एक रुपयाचे व छत्रपती शिवाजी महाराजांचे दोन रुपयांचे नाणे, आणि लोकमान्य टिळकांच्या दीडशेव्या जयंतीनिमित्त २००७ साली निघालेले पाच रुपयांचे नाणे ही होत.

आता विद्यमान कायद्याकडे वळू. १९०६ चा जुना कायदा व त्यास जोडलेले इतर काही कायदे रद्द करून २०११ साली नवा नाणे कायदा संमत झाला व २८ मार्च २०१२ पासून तो अमलात आला. ह्या कायद्याने 'स्मारक नाणे' ह्या संज्ञेची व्याख्याच दिली आहे. तिचा आशय असा की, एखादा विशिष्ट प्रसंग किंवा घटना ह्यांच्या स्मरणार्थ सरकारने, अथवा सरकारने अधिकार दिलेल्या संस्थेने, ठसा उमटवून काढलेले आणि भारतीय चलनात किंमत सांगणारे नाणे ते स्मारक नाणे. ह्या व्याख्येतील तीन अटी वाचकांनी ध्यानात ठेवाव्यात. ठसा सरकारी अधिकाराचा हवा, निमित्त निश्चित हवे, आणि किंमत रुपयांत सांगितलेली हवी. एक हजार रुपयांहून अधिक किमतीचे नाणे पाडता येत नाही, अशी मर्यादाही कायद्याने घातली आहे.

कायदा सर्वसाधारण तत्त्वे सांगतो आणि प्रत्येक स्मारक नाण्यासाठी केंद्र सरकार स्वतंत्र नियम भारताच्या राजपत्रात प्रसिद्ध करते. हे नियम वाचण्यासारखे असतात. नमुन्यादाखल २०२३ साली नव्या संसद भवनाच्या उद्‌घाटनानिमित्त निघालेल्या पंचाहत्तर रुपयांच्या नाण्याचे नियम पाहू. नाणे वर्तुळाकार, व्यास ४४ मिलिमीटर, कडेवर २०० दाते, वजन ३५ ग्रॅम. धातू म्हणजे ५० भाग चांदी, ४० भाग तांबे, ५ भाग निकेल व ५ भाग जस्त ह्यांचे मिश्रण. दर्शनी बाजूच्या मध्यभागी अशोकस्तंभाचे सिंहशीर्ष, त्याखाली 'सत्यमेव जयते', डाव्या कडेस देवनागरीत 'भारत', उजव्या कडेस इंग्रजीत देशाचे नाव, आणि सिंहशीर्षाखाली रुपयाचे चिन्ह व किमतीचा आकडा. मागील बाजूस संसद संकुलाचे चित्र, वरच्या कडेस देवनागरीत व खालच्या कडेस इंग्रजीत त्याचे नाव, आणि वर्षाचा आकडा. कोणते अक्षर कोणत्या कडेस व कोणत्या लिपीत यावे इथपर्यंत सारे ठरलेले असते. वजनात व मिश्रणात किती किरकोळ तफावत क्षम्य आहे हेही लिहिलेले असते. टांकसाळीतील कारागिराने आपल्या आवडीने एक ठिपकाही वाढवावयाचा नसतो. जो ठिपका किंवा तारा वर्षाच्या आकड्याखाली दिसतो, तो टांकसाळीची खूण असतो. हैदराबादेची खूण तारा, नोएडाची गोल ठिपका, मुंबईची शंकरपाळ्याच्या आकाराची; कोलकात्याचे नाणे खुणेवाचून असते.

पुष्कळांस असा प्रश्न पडतो की अक्षरे देवनागरी असताना आकडे मात्र इंग्रजी वळणाचे का. ह्याचे उत्तर राज्यघटनेच्या ३४३ व्या अनुच्छेदात आहे. संघराज्याच्या कामकाजाची भाषा देवनागरी लिपीतील हिंदी असून अंकांसाठी भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप वापरावे, असे तो सांगतो. नाणे हे संघराज्याचे कार्य असल्याने त्यावर हाच नियम चालतो. रुपयाचे जे चिन्ह आज नाण्यावर दिसते ते २०१० साली स्वीकारले गेले व २०११ पासून नाण्यांवर आले. तत्पूर्वीच्या नाण्यांवर ते नसणे स्वाभाविकच आहे.

येथे व्यवहारातील एका मोठ्या अडचणीचा उल्लेख करणे अवश्य आहे. स्मारक नाण्याची मागील बाजू प्रत्येक वेळी बदलते, त्यामुळे एकाच किमतीची दहा तऱ्हांची नाणी बाजारात फिरू लागतात. दहा रुपयांच्या नाण्याबाबत हेच झाले. अनेक ठिकाणी दुकानदार, भाजीवाले व वाहनचालक 'हे नाणे खोटे' म्हणून ते घेईनात. अखेर जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेस जाहीर करावे लागले की, तोवर दहा रुपयांची नाणी चौदा निरनिराळ्या नक्षींत निघाली असून ती सर्व कायदेशीर चलन आहेत. ह्यात नुकसान कोणाचे झाले? ज्याच्या गाठीस दिवसाच्या मजुरीची तीच चार नाणी होती, त्याचे. म्हणून नाणे ओळखण्याची रीत प्रत्येकास ठाऊक असली पाहिजे. चित्राच्या बाजूकडे पाहून निर्णय करू नये, नाणे उलटावे. सिंहशीर्ष, देशाचे दुहेरी नाव व किंमत ही त्रयी पाहावी आणि आकार व वजन नेहमीच्या नाण्यासारखे आहे की नाही हे ताडून पाहावे. मग मागे कोणाचीही छबी असो, नाणे घेण्यास संकोच करू नये. कायद्याप्रमाणे एक रुपयाची व त्यावरील किमतीची नाणी एक हजार रुपयांपर्यंतच्या देण्यात, आणि आठ आण्यांची नाणी दहा रुपयांपर्यंतच्या देण्यात, कायदेशीर चलन आहेत. मात्र नाणे विद्रूप केलेले किंवा झिजून वजनात उणे झालेले नसावे.

दुसरा गैरसमज ह्याच्या अगदी उलट आहे. अमुक देवतेच्या छबीचे नाणे दाखवा आणि लाखो रुपये घेऊन जा, अशा जाहिराती पाहून भोळी माणसे आगाऊ 'शुल्क' भरतात व गमावून बसतात. रिझर्व्ह बँकेच्या नावाचाही ह्यात दुरुपयोग होऊ लागला, तेव्हा ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेने खुलासा केला की जुन्या नोटा व नाणी ह्यांच्या खरेदीविक्रीशी आपला काहीही संबंध नाही व असे शुल्क आपण कधीही मागत नाही. स्मारक नाणी दोन प्रकारची असतात. काही नित्य व्यवहारासाठी लक्षावधींनी पाडली जातात व रिझर्व्ह बँकेमार्फत लोकांत येतात. त्यांची किंमत त्यांवर लिहिलेली तेवढीच. दुसरी चांदीमिश्रित, मोठ्या आकाराची, संग्रहासाठी काढलेली असतात. ती टांकसाळीकडून मागणी नोंदवून मिळतात आणि त्यांची विक्रीची किंमत दर्शनी किमतीहून बरीच अधिक असते. ६ डिसेंबर २०१५ रोजी डॉ. आंबेडकरांच्या एकशे पंचविसाव्या जयंतीवर्षानिमित्त दहा रुपयांचे व एकशे पंचवीस रुपयांचे अशी दोन नाणी प्रसृत झाली. पहिले पहिल्या प्रकारचे आणि दुसरे दुसऱ्या प्रकारचे उदाहरण होय.

चित्राच्या अर्थाविषयीचा १९११ चा वाद स्वतंत्र भारतातही वेगळ्या रूपाने उद्भवला आहे. २००६ च्या सुमारास दोन रुपयांच्या नाण्यावर विविधतेतील ऐक्य दाखविण्यासाठी एकमेकींस छेदणाऱ्या रेषांची नक्षी आली, तेव्हा काहींस तीत ख्रिस्ती क्रूस दिसला. थोड्याच काळात त्या जागी हस्तमुद्रांची नक्षी आली. तंजावरचे बृहदीश्वर मंदिर व माता वैष्णोदेवी ह्यांच्या नाण्यांविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात अर्ज झाला, परंतु अशा नाण्यांमुळे देशाच्या धर्मनिरपेक्ष स्वरूपास बाध येत नाही, अशा मताने न्यायालयाने २०१८ साली तो फेटाळला. एखाद्या प्रसंगाचे स्मरण करणे आणि राज्याने एखादा धर्म स्वीकारणे ह्या भिन्न गोष्टी आहेत. दर्शनी बाजू अखंडपणे राष्ट्राकडे राहते म्हणूनच मागील बाजूवर मंदिर, संत, शास्त्रज्ञ, सेनापती ह्या सर्वांस आळीपाळीने आदरपूर्वक जागा देता येते, असे मला वाटते.

ह्या विवेचनातून आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांनी घेण्याजोगा बोध मी शेवटी सांगतो. आपल्या पूर्वजांपैकी कोणा थोर पुरुषाच्या नावे नाणे निघावे, अशी इच्छा अनेक समाजांत व्यक्त होते व तसे अर्जही केले जातात. इच्छा गैर नाही. परंतु अर्ज करणाऱ्यांनी वर सांगितलेले नियम एकवार डोळ्यांपुढे आणावेत. मागील बाजूवर छबीस जागा आहे, नावास जागा आहे, वर्षास व निमित्तास जागा आहे. ज्ञातीच्या नावास तेथे जागा नाही. आजवर ज्या संतांची व पुढाऱ्यांची नाणी निघाली त्यांवर त्यांची जात कोरलेली कोणी पाहिली आहे काय? ज्या क्षणी पूर्वजाचे नाव नाण्यावर जाते, त्या क्षणी तो आपला एकट्याचा राहत नाही. कालपर्यंत त्याचे नाव न ऐकलेल्या माणसाच्या खिशात तो जातो, आणि त्या माणसाचाही होतो. एवढे दातृत्व अंगी असेल तरच अशी मागणी करण्यात शोभा आहे.

आणि नाणे न निघाले तरी स्मरण थांबत नाही. गुणवंत विद्यार्थ्यांस देण्यासाठी संस्थांनी पदके पाडण्यास कायद्याची आडकाठी नाही. मात्र पदक हे पदकच राहिले पाहिजे. त्यावर रुपयांत किंमत घालू नये. चलन म्हणून वापरण्याच्या हेतूने धातूचे तुकडे पाडणे व बाळगणे हा कायद्याने गुन्हा आहे. त्यावर सिंहशीर्षही कोरू नये. राजचिन्हाच्या अनुचित वापरास प्रतिबंध करणाऱ्या २००५ च्या कायद्यात त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंडाची शिक्षा आहे. उत्साहाच्या भरात, सराफाच्या सल्ल्यावरून, 'अधिक शोभिवंत दिसावे' म्हणून असे प्रमाद सहज घडतात, म्हणून ही सूचना.

गौतमीपुत्राने नहपानाच्या नाण्यावर आपला ठसा उठविला, तरी खालचे मूळ मस्तक पुष्कळ नाण्यांवर अजून दिसते. एका मुद्रेने दुसरीस झाकून टाकण्याचा तो काळ होता. आज आपल्या प्रजासत्ताकाच्या नाण्यावर दोन मुद्रा पाठीस पाठ लावून नांदतात. एक राष्ट्राची, जी बदलत नाही, आणि एक स्मृतीची, जी प्रसंगानुसार बदलते. पहिलीच्या आधारावाचून दुसरी केवळ धातूवरील चित्र ठरली असती. ज्यांस आपल्या पूर्वजांचा अभिमान आहे त्यांनी ह्या पहिल्या बाजूची ओळख आधी आपल्या मुलाबाळांस करून द्यावी, आणि उद्या बाजारात कोणी गरीब विक्रेता दहा रुपयांचे अनोळखी नाणे हातात घेऊन गोंधळलेला दिसला, तर ते उलटून त्यास सिंहशीर्ष दाखवावे, एवढीच वाचकांस विनंती आहे.